पळून जाणाऱ्यामागे जे राहतात...

कादंबरीचा वाचक मोठा उदार असतो. नायक-नायिकेची पहिली भेट नेमकी धो धो पावसात व्हावी, लहानपणी हरवलेला भाऊ नेमका शेवटच्या प्रकरणात सापडावा, खलनायकाने आपला सारा बेत नायकाला सविस्तर ऐकवावा आणि मगच पिस्तूल रोखावे. हे सारे तो बिनतक्रार पोटात घालतो. पण हाच वाचक एका ठिकाणी मात्र एकदम फौजदार होतो. गोष्ट कुठून तरी निसटून जाण्याची असली, की तो खुर्चीत सरसावून बसतो आणि उलटतपासणी सुरू करतो. पहारा केव्हा बदलत होता? वाटखर्चाचे पैसे कुठून आले? कुत्री भुंकली कशी नाहीत?

याचे कारण उघड आहे. प्रेमकथा आपण काठावर उभे राहून पाहतो. सुटकेच्या गोष्टीत मात्र आपण नायकाबरोबर पळत असतो. लेखकाने बांधलेला पूल कच्चा असला, तर नायकाबरोबर आपणही नदीत पडणार! म्हणून कथानकाची संभवनीयता वर्गात शिकवायची असली, की मी हटकून सुटकेच्या गोष्टीचे उदाहरण घेते. तिथे लबाडी लगेच उघडी पडते.

यंदा मात्र ही उलटतपासणी मला अशा कथानकाची करावी लागली, जे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ते आहे एका व्हिडिओ गेममध्ये.

व्हिडिओ गेमचे नाव काढताच काही वाचकांनी पान उलटायला बोट ओले केले असेल, हे मला दिसते आहे. त्यांना विनंती एवढीच, की जरा थांबावे. आपल्या घरातली मुले सुट्टीत दार लावून जे खेळत असतात, ते सगळेच ढिशांव-ढिशांव नसते. त्यातल्या काही खेळांत पात्रे असतात, संवाद असतात, पेचप्रसंग असतात. आणि पुढे काय व्हावे, हे वाचकाने, म्हणजे खेळणाऱ्याने, ठरवायचे असते. माझ्या भाच्याने मला असाच एक खेळ दाखवला. त्याचे नाव 'रोड 96'. फ्रान्समधील माँपेलिए शहरातल्या 'डिजिक्सआर्ट' या छोट्या मंडळीने तो तयार केला आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये तो बाहेर आला.

पेट्रिया नावाचा देश

कथानक असे. पेट्रिया नावाचा एक कल्पित देश आहे. काळ 1996 चा उन्हाळा. टायरक नावाचा अध्यक्ष गादीला चिकटून बसला आहे, निवडणूक तोंडावर आली आहे आणि फ्लोरेस नावाची स्त्री त्याच्याविरुद्ध उभी आहे. देशातली किशोरवयीन मुले घरे सोडून उत्तरेच्या सीमेकडे पळत आहेत. जागोजागी 'हरवला आहे', 'हरवली आहे' अशा जाहिराती लागल्या आहेत. खेळणाऱ्याने त्यांतला एक चेहरा निवडायचा आणि त्या मुलाच्या पायांनी सीमेपर्यंत जायचे. खिशात मोजके पैसे असतात. अंगातली शक्ती हळूहळू ओसरत जाते. खाल्ले-झोपले तर पुन्हा भरते. वाटेत कुणाच्या गाडीत बसायचे, बसचे तिकीट काढायचे की पायी चालायचे, हे दर वेळी ठरवायचे. एक मूल सुटले किंवा पकडले गेले, की दुसरे मूल, दुसरा प्रवास.

वाटेत भेटणारी माणसे मात्र तीच तीच असतात. झोई नावाची घर सोडून निघालेली मुलगी, जॉन नावाचा धिप्पाड ट्रकवाला, फॅनी नावाची पोलीस अधिकारी, दूरदर्शनवरची नखरेल निवेदिका सोन्या, यंत्रांशी खेळणारा अलेक्स हा पोरगा, जॅरॉड हा अंगावर काटा आणणारा टॅक्सीवाला, आणि स्टॅन व मिच ही दोन विनोदी दरोडेखोरांची जोडी. दोन खेळणाऱ्यांना या भेटी एकाच क्रमाने घडतील असे नाही. कुणाला ट्रकवाला आधी भेटतो, कुणाला पोलीस. हळूहळू या माणसांची आपापसातली नाती उलगडत जातात. ती इथे सांगून कुणाचा रसभंग करीत नाही.

हा खेळ मला आवडला. आधी हे सांगते, कारण पुढे मी त्याच्यावर तक्रारींची यादी वाचणार आहे. पोटात भूक आणि खिशात चार नाणी असताना चोरी करावी की कष्ट करावेत, अनोळखी माणसाच्या गाडीत बसावे की अंधारात चालावे, हे प्रश्न त्यात खऱ्या घराबाहेर पडलेल्या मुलाला पडावेत तसे पडतात. 'आपण एकटे सुटून जावे, की इथे राहून काही बदलावे?' हा मोठा प्रश्नही तो खेळणाऱ्यापुढे वारंवार ठेवतो. पण जुलमी राज्यातून माणसे खरोखर कशी निसटतात, याच्याशी ताडून पाहिले, तर या कथानकाचे काही सांधे कुरकुरतात.

शिवणाचे मशीन आणि तफ्त्याचे कापड

ताडून पाहायला उत्तम दाखला पूर्व जर्मनीचा. कल्पित पेट्रियावर त्या राज्याची छाया दिसते म्हणून नव्हे, तर तिथल्या पलायनांचा कागदोपत्री पुरावा भरपूर आहे म्हणून. 1949 ते 1961 या काळात त्या देशातून सुमारे 27 लाख माणसे पश्चिमेकडे निघून गेली. 13 ऑगस्ट 1961 रोजी सरकारने पश्चिम बर्लिनला कुंपण घालायला सुरुवात केली आणि त्याची पुढे 155 किलोमीटर लांबीची भिंत झाली. परवानगीवाचून सीमा ओलांडणे हा दंडसंहितेत गुन्हा होता. भिंत उभी असेतो तिच्यापाशी किमान 140 माणसांनी प्राण गमावले. पेटर फेख्टर हा 18 वर्षांचा गवंडीकाम करणारा मुलगा 17 ऑगस्ट 1962 रोजी गोळी लागून भिंतीच्या पायथ्याशी पडला, आणि दोन्ही बाजूंची माणसे पाहत असताना जवळजवळ तासभर रक्त वाहून गेला.

आता या देशातून सुटलेल्या दोन कुटुंबांची गोष्ट पाहा. थुरिंगिया प्रांतातल्या प्योसनेक गावचे पेटर स्ट्रेल्झिक आणि गुंटर वेट्झेल. दोघे मित्र, दोघांनाही बायका आणि दोन-दोन मुले. 1978 मध्ये त्यांनी ठरवले, की गरम हवेचा फुगा करून सीमेवरून उडून जायचे. ठरवणे सोपे, पण कापड? शेकडो मीटर कापड एकदम मागितले, तर दुकानदाराच्या भुवया वर जाणारच. पहिल्या वेळी त्यांनी एका दुकानात थाप मारली, की आमच्या तंबू-सहलीच्या मंडळाला तंबूंना अस्तर लावायचे आहे. ते कापड हवा धरीना. फुगा गेला वाया. दुसरा फुगा तफ्त्याच्या कापडाचा. तोवर वेट्झेल कुटुंबाने माघार घेतली होती. एकटे स्ट्रेल्झिक कुटुंब जुलै 1979 मध्ये उडाले. ढगात शिरल्यावर कापड ओले होऊन जड झाले, आणि फुगा सीमेच्या अलीकडे सुमारे 200 मीटरवर उतरला. अवघे दोनशे मीटर! सुरुंगांच्या पट्ट्याच्या काठावरून ती चौघे पावले जपत मागे फिरली आणि घरी पोचली. पण फुगा रानात राहिला, आणि गुप्त पोलिसांनी माग काढायला सुरुवात केली.

आता घाई होती. दोन्ही कुटुंबे पुन्हा एक झाली. तिसऱ्या फुग्याचे कापड त्यांनी निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या दुकानांतून, थोडे थोडे, दिसेल त्या रंगाचे जमवले आणि रात्रंदिवस शिवले. 16 सप्टेंबर 1979 च्या पहाटे आठ माणसे त्यात बसून उडाली आणि सुमारे 28 मिनिटांनी खाली उतरली. आपण कोणत्या जर्मनीत आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. ती जागा बव्हेरियातल्या नाइला गावाजवळची, म्हणजे पश्चिमेची निघाली.

या गोष्टीत उड्डाण अर्ध्या तासाचे आहे आणि तयारी दीड वर्षाची. पलायनाच्या खऱ्या कथांत हे प्रमाण पुष्कळदा असेच असते. 1964 च्या ऑक्टोबरात 57 माणसे ज्या भुयारातून पश्चिम बर्लिनमध्ये आली, ते सुमारे 145 मीटर लांबीचे भुयार विद्यार्थ्यांनी एका बंद पडलेल्या बेकरीच्या तळघरातून महिनोन्महिने खणले होते. 'रोड 96' मध्ये मात्र मूल रस्त्यावर येते तेव्हाच गोष्ट सुरू होते. तयारी नाही, कागदपत्रे नाहीत, थाप कोणती मारायची याची रंगीत तालीम नाही. नाटकाला हे सोयीचे खरे. पण जुलमी राज्यात सर्वांत अवघड असतो तो सीमेजवळचा शेवटचा मैल नव्हे. आपल्या स्वयंपाकघरात बसून, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, शिवणाचे मशीन चालवणे हे त्याहून अवघड.

बोलकी माणसे, मुकी माणसे

दुसरी तक्रार बोलण्याची. पेट्रियातली माणसे फार बोलकी आहेत. पाच मिनिटांपूर्वी गाडीत घेतलेल्या अनोळखी पोराजवळ ती अध्यक्षांबद्दल, निवडणुकीबद्दल आणि आपल्या दुःखांबद्दल भडाभडा बोलतात. पोरानेही आपले मत ठणकावून द्यावे, अशी सोय असते. मला हे वाचताना, क्षमा करा, खेळताना, सारखे वाटत होते, की अरे बाबा, हळू बोल!

1989 मध्ये पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलीस खात्यात, म्हणजे 'श्टाझी'त, सुमारे 91 हजार पगारी माणसे होती. शिवाय बिनवर्दीचे खबरे 1 लाख 70 हजारांहून अधिक. देशाची लोकसंख्या 1 कोटी 60 लाखांच्या आसपास. खबऱ्या म्हणजे काळा चष्मा लावलेला उपरा माणूस नव्हे. तो कचेरीतला सहकारी असे, गानमंडळातला सोबती असे. 1992 च्या जानेवारीपासून लोकांना आपापल्या फायली पाहण्याची मुभा मिळाली, तेव्हा विरोधी चळवळीतल्या एका स्त्रीला कळले, की तिची खबर देणारा तिचा स्वतःचा नवरा होता.

अशा राज्यात भीतीचे लक्षण किंकाळी नसते. गप्प बसणे हे असते. माणसे हवापाण्याच्या गोष्टी करतात, चार जणांत विनोद सांगताना आधी कोण हसते ते पाहतात. खेळातला टॅक्सीवाला भयंकर आहे, पण तो भयंकर आहे हे पाहताक्षणी कळते. खरे भय त्या माणसाचे, जो आपल्याला आपला डबा अर्धा देतो आणि रात्री अहवाल लिहितो.

भाच्यापुढे मी हे सारे मांडले, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, सगळे गप्पच बसले तर गेम खेळायचा कुणी?" मुद्दा बिनतोड होता. कलाकृती ही वास्तवाची नक्कल नव्हे, हे मीच वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले आहे. अशक्य पण पटणारी गोष्ट ही शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा बरी, असा ॲरिस्टॉटलचाही निर्वाळा आहे. म्हणून बोलकेपणाची तक्रार मी मागे घेतली नाही, तरी तिची धार कमी केली.

वास्तवाची असंभाव्य प्रकरणे

न्यायाने पाहायचे, तर दुसरी बाजूही सांगायला हवी. खेळातल्या ज्या गोष्टी आपल्याला अगदी भाबड्या वाटतात, त्यांतल्या काही प्रत्यक्षात घडल्या आहेत. वर्दीतल्या माणसाच्या मनात ऐन वेळी कालवाकालव होते आणि तो डोळेझाक करतो, हा प्रसंग कादंबरीत आला तर आपण नाक मुरडू. पण 19 ऑगस्ट 1989 रोजी हंगेरीतल्या शोप्रोन गावाजवळ, ऑस्ट्रियाच्या सीमेवर, एक सहभोजनाचा कार्यक्रम होता. मैत्रीची खूण म्हणून सीमेचे फाटक थोडा वेळ उघडायचे ठरले होते. तिथे पूर्व जर्मनीतून आलेल्या लोकांचा लोंढाच फाटकावर धडकला. पहाऱ्यावर अर्पाद बेला नावाचा हंगेरियन अधिकारी होता, हाताशी मोजके शिपाई होते. त्याने गोळी चालवली नाही. त्या दिवशी सहाशेहून अधिक माणसे मुलाबाळांसह पलीकडे गेली.

आणि त्या भिंतीचा शेवट तर पाहा! 9 नोव्हेंबर 1989 च्या संध्याकाळी ग्युंटर शाबोव्स्की हा सत्ताधारी पक्षाचा पुढारी वार्ताहरांपुढे बसला होता. प्रवासाचे नवे नियम ज्या बैठकीत ठरले, तिथे तो हजर नव्हता. हातात फक्त एक कागद होता. नियम कधीपासून लागू, असे कुणीतरी विचारले. त्याने कागद चाळला आणि आपल्या समजुतीप्रमाणे लगेचच, असे सांगून टाकले. वास्तविक दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज घेऊन, परवाने द्यायचे होते. बातमी ऐकून बर्लिनकर हजारोंनी नाक्यांवर लोटले. वरून हुकूम येईना, गर्दी हटेना. अखेर रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावरच्या हाराल्ड येगर या अधिकाऱ्याने फाटक उघडायला लावले. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने कथेत असा शेवट लिहून आणला असता, तर मी समासात लाल शाईने 'असंभाव्य' असा शेरा मारला असता. अठ्ठावीस वर्षे उभी असलेली भिंत एका पुढाऱ्याने कागद नीट न वाचल्यामुळे पडते काय!

तेव्हा फॅनी या पोलीस अधिकाऱ्याच्या मनाची ओढाताण खोटी नाही. योगायोगही खोटे नाहीत.

खिडकीच्या आतली बाजू

मग या कथानकात खरी उणीव कोणती? ती मला दुसऱ्या एका खेळाशेजारी ठेवल्यावर दिसली. 'पेपर्स, प्लीज' हा लुकास पोप याने केलेला, 2013 साली आलेला खेळ. त्यातही आर्स्टोट्झ्का नावाचा एक कल्पित कडक देश आहे. काळ 1982 चा. पण इथे खेळणारा पळत नाही. तो सीमेवरच्या खिडकीत बसून पासपोर्ट तपासतो. नोकरी त्याला सोडतीत लागलेली. जितकी माणसे तपासून होतील तितका पगार. चूक झाली तर आधी ताकीद, मग दंड. संध्याकाळी घरी गेल्यावर हिशोब समोर येतो: भाडे, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत. पैसे पुरले नाहीत तर कुणीतरी उपाशी राहते, कुणीतरी आजारी पडते. आणि खिडकीपुढे एक बाई रडून सांगत असते, की माझा नवरा आताच आत गेला, माझा कागद अपुरा आहे, मला सोडा.

या खेळात चित्रे ओबडधोबड आहेत, संवाद तोटके आहेत. तरी तो अंगावर येतो. कारण इथे प्रत्येक निर्णयाला घर आहे. जुलमी सत्ता माणसाला धरते ती त्याच्या मानेला नव्हे, त्याच्या माणसांना. हे ज्याला कळले, त्याने कल्पित देशाचे नाव काहीही ठेवावे, कथानक खरेच उतरणार.

'रोड 96' मधले मूल बेनाव आहे. त्याचे घर मागे पडलेले असते, आणि कथानक त्या घराचा उंबरठा ओलांडून आत जात नाही. मूल सीमेपार गेले, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढचा चेहरा निवडतो. जाहिरातीवरच्या त्या पहिल्या चेहऱ्याच्या आईकडे दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आले, तिला काय विचारले, धाकट्या भावाला शाळेत कुठे बसवले, हा प्रश्न विचारायला खेळात सवड नाही. एका मुलाने प्रवासात शिकलेली विद्या, म्हणजे कुलूप उघडण्यासारखी, पुढच्या मुलाला आयती मिळते. ही कल्पना सुरेख आहे. पण प्रत्यक्षात पळणारेच शिकतात असे नाही, राज्यही शिकते.

त्या फुग्याच्या गोष्टीचे पुढचे प्रकरण पाहा. आठ जण सुखरूप उतरले, पश्चिमेत त्यांचे कौतुक झाले, पुढे त्यांच्यावर 1982 मध्ये आणि 2018 मध्ये चित्रपटही निघाले. इकडे पूर्व जर्मनीत सीमेजवळचे लहान विमानतळ बंद झाले. स्वयंपाकाच्या वायूसारख्या टाक्यांची नोंद ठेवली जाऊ लागली, फुग्याला चालेल असे कापड मोठ्या प्रमाणात मिळेनासे झाले. त्या दोन कुटुंबांना पत्र पाठवायलाही बंदी झाली. आणि पेटरचा भाऊ एरिख? त्याला भावाच्या सुटकेची वार्ता दूरदर्शनच्या बातम्यांत कळली. फुगा उतरल्यावर तीन तासांत पोट्सडाममधल्या त्याच्या घरी त्याला अटक झाली. बहीण आणि मेव्हणाही आत गेले. पलायनाला मदत केल्याचा आरोप. अडीच वर्षांची शिक्षा. पुढे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या खटपटीने ते सुटले.

हे प्रकरण वाचल्यावर त्या आकाशातल्या अठ्ठावीस मिनिटांचा अर्थच बदलतो. उडणाऱ्याने चूक केली असे मी म्हणत नाही. मुलांना मोकळ्या हवेत वाढवावे, असे वाटणाऱ्या बापाला दोष देणारी मी कोण? पण उडताना त्याच्या मनावर कापडाच्या टोपलीपेक्षा कितीतरी जड ओझे असले पाहिजे, एवढे खरे. ते ओझे कथेत आले, की कथा खरी वाटू लागते. पहारा कसा चुकवला, कुत्री का भुंकली नाहीत, या प्रश्नांना मग दुय्यम स्थान मिळते.

तेव्हा आपल्या घरातली मुले हा खेळ खेळत असतील, तर त्यांच्या हातून तो काढून घेऊ नये. शेजारी बसावे. सीमा ओलांडली की टाळी द्यावी. आणि ती पुढचा चेहरा निवडण्याआधी सहज विचारावे, की याच्या घरी आता कोण कोण आहे?